ग्रुपमध्ये व्यायाम केल्याने खरंच फरक पडतो का? (उत्तर जरा लांबलंय)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वय 42, घरी व्यायाम तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद पडला, बायको म्हणते एखादा ग्रुप जॉइन कर, पण चारचौघांत धाप लागलेली दिसेल याची लाज वाटते आणि वर कोणीतरी सांगितलंय की ग्रुप म्हणजे अर्धा वेळ गप्पाच. मग ग्रुपने खरंच फरक पडतो की नुसता टाइमपास? मी सोळा वर्षं सकाळच्या बॅचेस घेतेय, चालणं, पळणं आणि वजनाचे व्यायाम, आणि त्याआधी काही वर्षं एकेकाला पर्सनल ट्रेनिंग दिलंय, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. तुम्ही स्वतःला आळशी म्हटलंय ते मला पटलं नाही. आळशी माणूस तीनदा सुरू करत नाही. तुम्हाला सुरुवात जमते, तुमचं घोडं तिसऱ्या आठवड्यात अडतं, आणि ते बहुतेकांचं तिथेच अडतं. पहिले दोन आठवडे नवेपणावर निघून जातात, बूट नवे, ॲप नवं, अंग दुखतंय त्याचंही कौतुक. तिसऱ्या आठवड्यात अंग दुखायचं थांबतं, आरशात काही बदललेलं नसतं, कौतुक करणारे आपापल्या कामाला लागलेले असतात आणि नेमकं तेव्हाच ऑफिसचं काहीतरी निघून एक दिवस चुकतो. त्यात ते '21 दिवसांत सवय लागते' डोक्यात बसलेलं असतं, म्हणजे 21 दिवस झाले तरी सकाळी उठणं जडच जातंय, अर्थात माझ्यातच खोट आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 2010 च्या सुमारास फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या सवयी रोजच्या रोज नोंदवल्या तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं निघालं, कोणाला 18 तर कोणाला 254 लागतील असा अंदाज आला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही हेही दिसलं. म्हणजे तुम्ही तिन्ही वेळा अर्ध्या रस्त्याच्याही आधी गाडी सोडलीत. ग्रुपचा खरा उपयोग मला विचाराल तर हा मधला कोरडा पट्टा पार करायला होतो.

आता 'अवलंबून असतं' वाला भाग, तो टाळता येत नाही. छातीत दुखणं, चक्कर, अंगावर काढलेला बीपी, जुनं गुडघ्याचं दुखणं असं काही असेल तर आधी डॉक्टर, मग ग्रुप. कामाच्या वेळा रोज बदलत असतील तर ठरावीक वेळेचा ग्रुप तुमच्यासाठी मनस्तापच. आणि काही माणसं अशी असतात की दिवसभर लोकांशी बोलून बोलून त्यांचा जीव वैतागलेला असतो, तासभर एकटं पळणं हीच त्यांची विश्रांती, त्यांना मी कधी ग्रुपमध्ये ओढत नाही. पण असा माणूस एकट्याने करत राहतो, बंद पाडत नाही. तुमचं तीनदा बंद पडलंय म्हणून तुम्ही बहुधा त्यातले नाही.

मग ग्रुप नेमकं करतो काय? पहिलं म्हणजे तुमची स्वतःशी चाललेली घासाघीस संपते. एकटे असताना सकाळी साडेपाचला अलार्म झाला की वाटाघाटी सुरू, आज जाऊ की संध्याकाळी करू, काल उशिरा झोपलो, आज वीसच मिनिटं करतो, उद्या चाळीस करून भरून काढतो. यात दर वेळी पांघरूणच जिंकतं. ग्रुप असला की ठरवायचं काम आदल्या दिवशीच उरकलेलं असतं. माझ्याकडे एक गृहस्थ येतात, पन्नाशीचे, ते म्हणाले होते की मॅडम मी व्यायामासाठी उठतच नाही, मी गेटपाशी दोघं थांबलेत म्हणून उठतो, व्यायाम मग तिथे गेल्यावर होऊन जातो. इतकं सरळ आहे ते.

पण यातच एक मोठी मेख आहे आणि ती ग्रुप निवडताना लोक बघत नाहीत. शेजारी माणसं असणं आणि ग्रुप असणं या वेगळ्या गोष्टी. एका हॉलमध्ये तीस जण आरशाकडे तोंड करून उड्या मारतायत, गाणं संपलं की आपापली बाटली उचलून निघून जातायत, कोणाला कोणाचं नाव माहीत नाही, ही गर्दी झाली. 2006 मध्ये बर्क, कॅरन वगैरे संशोधकांनी या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा असंच निघालं, की ज्या ग्रुपमध्ये मुद्दाम ओळखी वाढवून, सगळ्यांचं मिळून काहीतरी ठरवून एकोपा तयार केला होता तो सगळ्यात पुढे. नुसता क्लास आणि घरी व्यायाम करून मध्येमध्ये कोणाच्या तरी फोनवरून संपर्कात असणं हे साधारण सारखंच. आणि सगळ्यात मागे घरी एकटं, कोणाशीही संपर्क नाही. तुम्ही तीनदा केलंत ते हे शेवटचं. म्हणजे तुम्ही सगळ्यात अवघड प्रकार निवडून त्यात नापास झालात आणि दोष स्वतःला देताय.

म्हणून मी नव्या माणसाला एकच गोष्ट बघायला सांगते, तुम्ही आला नाहीत तर ते कोणाच्या लक्षात येतं का? आमच्या बॅचमध्ये हजेरी वगैरे काही नाही. पण वॉर्मअप जोडीने असतो, आणि जोडीदार आला नाही की तो माणूस शब्दशः एकटा उभा राहतो, मग तोच खिशातून फोन काढून 'काय झालं, बरं आहे ना' असा मेसेज टाकतो. मी तो मेसेज कधी टाकत नाही, मुद्दाम. ट्रेनरचा मेसेज आला की माणसाला वाटतं फीसाठी विचारतेय, बरोबरच्याचा आला की दुसऱ्या दिवशी पाय आपोआप मैदानाकडे वळतात. यात दटावणी अजिबात नाही हं, मागे एकदा मी ग्रुपवर गैरहजर लोकांची नावं टाकायची चूक केली होती, त्याबद्दल खाली सांगते.

दुसरा फायदा जोर लावण्याचा. ही फार जुनी गोष्ट आहे, 1898 मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अमेरिकन माणसाने सायकल शर्यतींच्या नोंदी चाळल्या तर नुसती वेळ गाठायला एकट्याने चालवणाऱ्यांपेक्षा कोणाबरोबर चालवणारे वेगवान होते, वारा अडवला जातो हा भाग त्यात होताच, पण त्याला वाटलं की नुसत्या सोबतीनेही काहीतरी होतंय. पुढे 1920 च्या दशकात कोहलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या रोइंग (नाव वल्हवण्याच्या) क्लबमधल्या लोकांकडून वजन उचलून घेतलं, आणि जोडीतला कमी ताकदीचा माणूस थांबला की दोघांचंही थांबतं असा प्रकार ठेवला, तर तो कमी ताकदीचा माणूस एकट्याने करतो त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं अडू नये, ही भावना भलतीच चिवट असते.

आमच्याकडे प्लँक असतो तेव्हा हे रोज दिसतं. कोपरांवर शरीर तोलून धरायचं, बस. एक बाई एकट्या असताना चाळीस सेकंदांना खाली टेकायच्या, हात थरथरायला लागले की संपलं. त्यांना मी अशा एकीच्या शेजारी ठेवलं जी साधारण मिनिटभर धरते, आणि सांगितलं की दोघी एकमेकींकडे तोंड करून करा. चाळीसला हात थरथरले, पन्नासला घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावरून मॅटवर पडला, समोरची म्हणाली 'अजून पाच', आणि या बावन्न, त्रेपन्न मोजत साठ पार करून हसत आडव्या झाल्या. एका दिवसात ताकद वाढत नाही हो, ती होतीच, वापरली जात नव्हती. मात्र शेजारी तीन मिनिटं धरणारा पहिलवान ठेवला असता तर हे झालं नसतं, त्याच्याशी आपली बरोबरीच नाही म्हणून माणूस मनातून लगेच सोडून देतो. फरक थोडा हवा, 'जमेल की मलाही' वाटेल इतकाच. तुम्ही ग्रुपमध्ये जाल तेव्हा सगळ्यात फिट माणसाशेजारी उभे राहू नका, तुमच्यापेक्षा उन्नीस-बीस पुढे असलेला शोधा.

आता तुमची लाज. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, त्यामागे कारण आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये मांडलं की बघणारे असले की अंगवळणी पडलेलं काम सुधारतं पण नवीन शिकत असलेलं काम बिघडतं. त्याने आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये चक्क झुरळांवर हा प्रयोग केला, इतर झुरळं 'प्रेक्षक' म्हणून बसवून, तर सरळ रस्त्यावर झुरळं प्रेक्षकांसमोर जास्त वेगाने पळाली आणि वळणाच्या रस्त्यात जास्त गोंधळली. (झुरळालाही चारचौघांत धांदल होते, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.) तर तुम्हाला पहिल्या दिवशी डावा पाय कुठला आणि उजवा कुठला असं होणारच. यावर माझ्याकडे साधा तोडगा आहे, नव्या माणसाला मी चारच हालचाली देते, खुर्चीवर बसून उठणं, भिंतीला टेकून पुशअप, पुढे पाऊल टाकून गुडघा वाकवणं आणि कमरेतून वाकून वजन उचलणं, या दहा दिवस घरी एकट्याने करा, चुकत-माकत, कोणी बघत नाही. मग या. ओळखीच्या हालचाली चारचौघांत सुधारतात, अनोळखी बिघडतात, एवढंच जमवायचं.

आणि धाप लागण्याचं म्हणाल तर माझ्या बॅचमध्ये दुसऱ्याची धाप ऐकायला कोणाला श्वासच उरलेला नसतो. चालण्याच्या ग्रुपला तर मी नियमच केलाय की बरोबर चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त, गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी. म्हणजे तुम्हाला ज्या गप्पांची चीड आहे त्या गप्पा हे माझं मोजमापाचं यंत्र आहे! बाकी गप्पांचं तुमचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, असे ग्रुप आहेत की जिथे तासातली पंचवीस मिनिटंच व्यायाम होतो. पण घरी तुमची शून्य मिनिटं होतायत हेही धरा ना हिशोबात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते, गप्पा मारत झपाझप चालणं त्या मिनिटांत धरलं जातं.

गप्पांवरून आठवलं, बरोबरीने हालचाल करण्यातही काहीतरी आहे. ऑक्सफर्डमध्ये रोइंग करणाऱ्या खेळाडूंवर साधारण 2009 साली एक छोटा प्रयोग झाला, फक्त बारा जण, त्यांनी मशीनवर तेवढीच मेहनत एकदा एकट्याने आणि एकदा एकत्र लयीत केली, नंतर बीपीचा पट्टा दंडावर आवळून दुखणं किती सहन होतं ते पाहिलं, तर एकत्र केल्यावर सहनशक्ती जास्त निघाली. बारा जणांवरून जगाचे निष्कर्ष काढू नयेत, पण मी जेव्हा सगळ्यांना एकत्र मोठ्याने आकडे मोजायला लावते तेव्हा शेवटचे पाच स्क्वॉट लोक कमी कुरकुर करत मारतात हे मी रोज बघते. एक दिवस घसा बसला होता म्हणून मोजणं बंद ठेवलं, तर पंधरालाच निम्मे लोक पाणी प्यायला गेले.

मनावरच्या ताणाचंही तसंच. अमेरिकेत मेडिकलच्या विद्यार्थ्यांवर 2017 मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, बारा आठवडे ग्रुपमध्ये व्यायाम करणाऱ्यांनी सांगितलेला ताण 26 टक्क्यांनी कमी झाला, एकट्याने करणाऱ्यांनी जवळपास दुप्पट वेळ व्यायाम करूनही त्यांचा ताण म्हणावा तसा कमी झाला नाही. फक्त कोण कुठल्या गटात जाणार हे त्या मुलांनीच निवडलं होतं, म्हणून मी ते 26 टक्के कोणाच्या तोंडावर फेकत नाही. स्वतःपुरतं इतकंच सांगते की बॅच संपल्यावर लोक गेटपाशी दहा मिनिटं रेंगाळतात, आणि मुलाची परीक्षा, आईचं ऑपरेशन, बदली असले विषय तिथेच निघतात. त्या दहा मिनिटांसाठी येणारे लोक मला माहीत आहेत. येऊ देत की, व्यायाम करूनच रेंगाळतायत ना.

ग्रुपचं वाईट काय तेही सांगते, नाहीतर जाहिरात वाटेल. एक म्हणजे अंगचोरी. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोरी ओढायला लावून मोजलं होतं, 1913 मध्ये छापलंय, माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला, आठ जणांत तर जवळपास निम्म्यावर आला. त्यातलं थोडं ताळमेळ न जमल्यामुळे, पण थोडं 'बाकीचे ओढतायत की' म्हणूनही. चाळीस जणांच्या बॅचमध्ये मागे उभं राहून हात नुसते हलवत पाट्या टाकता येतात, बारा जणांत नाही. म्हणून मी चौदाच्या वर घेत नाही, वाढले की दोन बॅचेस.

दुसरं, उलट टोक, ईर्ष्या. शेजाऱ्याने वीस किलो उचललं म्हणून आपणही उचललं आणि पाठ धरली, हे मी पाहिलंय आणि त्यात ट्रेनर म्हणून माझं लक्ष कमी पडलं होतं हेही कबूल करते. पळणाऱ्यांच्या घड्याळांच्या नोंदींवर 2017 मध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, दहा लाखांवर लोकांचा, त्यात मित्र जास्त पळाला की आपणही जास्त पळतो हे दिसलं आणि गंमत म्हणजे कमी पळणाऱ्यांचा प्रभाव जास्त पळणाऱ्यांवर दिसला, मागचा जवळ आला की पुढच्याला झोंबतं! उपयोगी आहे पण दुखऱ्या गुडघ्याला ते कळत नाही. ग्रुपमध्ये 'आज माझं एवढंच' म्हणायला यायला हवं, आणि तसं म्हटल्यावर कोणी हसत असेल तर तो ग्रुप सोडा, दुसरा बघा.

आणि ती माझी चूक. काही वर्षांपूर्वी उत्साहाच्या भरात मी फळा लावला, कोण किती दिवस आलं, कोणाचे पुशअप किती, महिन्याचा नंबर एक वगैरे, आणि ग्रुपवर गैरहजर लोकांची नावं. पहिल्या आठवड्यात काय हुरूप! दोन महिन्यांत वरचे चार-पाच जण एकमेकांत झुंजत होते आणि खालचे सहा जण यायचे बंद झाले, त्यातल्या एका बाईंनी नंतर सांगितलं की फळ्यावर शेवटचं नाव वाचायला मी सकाळी कशाला उठू. फळा त्या दिवशी उतरवला. आता जे मोजायचं ते मिळून मोजतो, आपण सगळ्यांनी या महिन्यात एकूण किती किलोमीटर चाललो, त्यात अर्धा किलोमीटर चाललेल्याचाही वाटा असतो. सहापैकी दोघीच परत आल्या, बाकी चार जण आले नाहीत.

तुमच्यासाठी म्हणाल तर मी असं करेन. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस ग्रुप, बाकीचे दिवस एकट्याने चालणं, म्हणजे ग्रुप सुट्टीवर गेला तरी तुम्ही अडकत नाही, ट्रेनर आजारी पडली की अख्खी बॅच झोपते हे माझ्याच बॅचमध्ये झालंय. जाण्याआधी ट्रेनरला दोन प्रश्न विचारा, नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात काय करायला लावता, आणि कोणी आठवडाभर आलं नाही तर काय होतं. पहिल्याचं उत्तर 'सगळे करतात तेच' आणि दुसऱ्याचं 'काही नाही, फी ॲडव्हान्स असते' असं आलं तर नमस्कार करून निघा. तीनदा गेल्याशिवाय मत बनवू नका, पहिला दिवस सगळ्यांचाच अवघडल्यासारखा जातो. दहा मिनिटं आधी पोचा, उशिरा आलेला माणूस सरळ मागे जाऊन उभा राहतो आणि महिनाभर त्याला कोणी ओळखत नाही. एका माणसाचं नाव विचारा, एकाचंच, आणि निघताना त्याला सांगून निघा की गुरुवारी येतोय. ग्रुपच मिळत नसेल तर एक जोडीदारही पुरतो, ऑनलाइनही चालतं पण कॅमेरा चालू आणि माणसं मोजकी, पाचशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी अंगठे येतात, तो व्यायाम अंगठ्याचा.

बायकोलाच बरोबर घ्यावं का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घ्या जरूर, पण त्या एकट्याच जोडीदार असतील तर एक धोका आहे, घरातली दोन माणसं एकाच वेळी 'आज नको' म्हणतात आणि दोघांनाही पटतं. एखादा तिसरा बाहेरचा असू द्या.

आणि हो, पहिल्या दिवशी मागच्या ओळीत उभे राहिलात तरी काही हरकत नाही, बहुतेक सगळे तिथूनच सुरू करतात. फक्त अगदी कोपऱ्यात जाऊ नका, तिथून ट्रेनरला तुमचे गुडघे दिसत नाहीत.